मूतखडा : कारणे, प्रतिबंध आणि घरगुती उपायांच्या मर्यादा

मुंबई शहराच्या पाण्याचा इतिहास शहापूर तालुक्याचे नाव घेतल्यावाचून लिहिता येत नाही. तानसा धरण १८९२ साली पूर्ण झाले. पुढे मोडकसागर झाले, भातसा झाले, आणि २०१४ साली मध्य वैतरणा प्रकल्प उभा राहिला. मुरबाडच्या बाजूला बारवी धरण आहे. त्याचे पाणी कारखान्यांना आणि कल्याण-डोंबिवलीच्या परिसरातील शहरांना जाते. आणि ज्यांच्या डोंगरांवर पडलेला पाऊस या धरणांत साठतो, त्या डोळखांब-कसाऱ्याकडील पाड्यांवर उन्हाळा लागला की बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. मूतखड्यावरील लेखाची सुरुवात धरणांपासून का, असा प्रश्न वाचकांना पडेल. मूतखडा हा बहुतांशी न प्यायलेल्या पाण्याचा आजार आहे, हे त्याचे उत्तर. कोणाला किती पाणी मिळते, किती प्यायला सवड मिळते आणि प्यायल्यावर लघवीला जायला जागा मिळते की नाही, या तीन गोष्टी त्यात अंतर्भूत आहेत.

आम्ही वैद्य नाही, इतिहासाचे शिक्षक आहोत. तरीही हा विषय निवडला, कारण निवासी शाळेत मुलांचे पाणी, जेवण आणि आजारपण हे शिक्षकाच्या रोजच्या कामाचाच भाग असतात. शिवाय माजी विद्यार्थी भेटतात तेव्हा 'सर, मला स्टोन झालाय, काय करू?' हा प्रश्न अलीकडे वारंवार कानी येतो. विचारणारे बहुधा तिशी-चाळिशीतले असतात. कोणी आसनगावहून पहाटेची लोकल पकडणारा, कोणी मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत भट्टीसमोर उभा राहणारा, कोणी रिक्षा चालवणारा. हा आजार पुरुषांत अधिक आढळतो आणि कामाच्या वयातच गाठतो, असे वैद्यकशास्त्रही सांगते.

खडा होतो कसा, हे आधी पाहू. आपली दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील जवळजवळ सर्व शरीराला परत करतात. दीड-दोन लिटर तेवढी लघवी म्हणून बाहेर पडते. या लघवीत कॅल्शियम, ऑक्झॅलेट, फॉस्फेट, युरिक आम्ल असे अनेक क्षार विरघळलेले असतात. पाणी पुरेसे असेल तोवर ते विरघळलेले राहतात. पाणी घटले की काय होते, हे भाईंदर-मुलुंडची मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. खाडीच्या पाण्यात मीठ दिसत नाही. उन्हाने पाणी आटले की तेच मीठ खड्यांच्या रूपाने तळाशी बसते. मूत्रपिंडातही सूक्ष्म स्फटिक असेच तयार होतात. बरेचसे लघवीवाटे वाहून जातात. एखादा मात्र मूत्रपिंडाच्या आतील अस्तराला चिकटून राहतो, आणि खडीसाखर जशी दोऱ्यावर थरावर थर चढत मोठी होते, तसा तो महिनोन्‌महिने वाढत जातो.

निसर्गाने खडा होऊ नये म्हणून काही योजनाही केली आहे. लघवीत सायट्रेट नावाचा घटक असतो. तो कॅल्शियमला बांधून ठेवतो आणि स्फटिक बनू देत नाही. लिंबूवर्गीय फळांचे महत्त्व येथे आहे.

सगळे खडे एका जातीचे नसतात. सर्वाधिक आढळतात ते कॅल्शियम ऑक्झॅलेटचे. युरिक आम्लाचे खडे आम्लधर्मी लघवीत होतात. मांसाहाराचा अतिरेक, स्थूलपणा आणि मधुमेह यांच्याशी त्यांचा संबंध आहे. तिसरा प्रकार लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्गामुळे होतो आणि तो स्त्रियांत अधिक आढळतो; हा खडा फार झपाट्याने वाढतो आणि कधी कधी हरणाच्या शिंगांसारखा फांद्या फुटून सगळे मूत्रपिंड व्यापतो. चौथा, सिस्टीनचा, आनुवंशिक आणि दुर्मीळ आहे. जात वेगळी तसा उपाय वेगळा. म्हणून लघवीवाटे खडा पडला तर तो फेकून देऊ नये; लघवी फडक्यातून गाळून खडा कोरड्या बाटलीत ठेवावा आणि डॉक्टरांना दाखवावा. प्रयोगशाळेत त्याची तपासणी होऊ शकते.

मूत्रपिंडात स्वस्थ पडलेला खडा बहुधा दुखत नाही. तो मूत्रवाहिनीत उतरला की कळ सुरू होते. ही नळी सुमारे सवा वीत लांब आणि आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद. खडा अडकला की ती पिळवटते. बरगडीखाली पाठीत सुरू झालेली वेदना पोटातून जांघेपर्यंत उतरते. मळमळते, उलट्या होतात, लघवी लालसर होते, सारखी लागते. पोटातील इतर दुखण्यांत माणूस निपचित पडून राहतो; मूतखड्याच्या कळेत त्याला कोणत्याही कुशीवर चैन पडत नाही, तो येरझाऱ्या घालतो. बाळंतपण सोसलेल्या काही बायकांनीही ही कळ त्याहून कठीण असल्याचे आम्हाला सांगितले आहे.

हा आजार नवा नाही. इजिप्तमधील एल अम्रा येथे इसवी सनापूर्वी हजारो वर्षांच्या मानवी अवशेषांत मूत्राशयातील खडा सापडला होता. सुश्रुतसंहितेत 'अश्मरी' या नावाने त्याचे प्रकार आणि शस्त्रक्रियाही वर्णिलेली आहे. ग्रीकांच्या हिपोक्रेटसच्या शपथेत मात्र खड्यासाठी छेद घेणार नाही, ते काम त्यातील जाणकारांवर सोडीन, असे वैद्याकडून वदवून घेतले जाई. शस्त्रक्रियेत माणसे किती दगावत असतील याची त्यावरून कल्पना यावी. इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट विशेष लक्षणीय वाटते. जुन्या काळी मूत्राशयातील खडे गरिबांच्या लहान मुलांत फार आढळत. केवळ धान्यावर वाढणारी, दुधाला पारखी झालेली, वरचेवर हगवण लागून अंगातले पाणी हरवणारी ती मुले. आहार सुधारला तसा युरोपातून हा बालरोग जवळपास नाहीसा झाला. म्हणजे खड्याच्या पोटातही वर्गाचा इतिहास असतो.

आपल्याकडे त्या इतिहासाला जातीचीही बाजू आहे. साताऱ्याच्या शाळेत शिपायाने वरून पाणी ओतल्याखेरीज बाल भीमरावांना तहान भागवता येत नसे. शिपाई नाही तर पाणी नाही. १९०१ साली वडिलांना भेटायला गोरेगावी जाताना मसूर स्थानकापासून बैलगाडीने केलेल्या प्रवासात त्या मुलांजवळ जेवण होते, पण पाण्याअभावी ते खाता आले नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हे स्वतः लिहून ठेवले आहे. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे मंडळात मंजूर झाला, २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले, आणि उच्च न्यायालयात त्या तळ्यावरील हक्काचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. पिढ्यान्‌पिढ्या मोजून पाणी पिण्याची सवय लागलेल्या समाजाला 'भरपूर पाणी प्या' एवढा सल्ला देऊन भागत नाही, म्हणून हे सांगितले.

आजही भागत नाही. दिवाळीनंतर आपल्या तालुक्यांतील कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबे उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मजुरी हजार विटांमागे मिळते. ऊन चढण्यापूर्वी जास्तीत जास्त विटा पाडायच्या, म्हणून पाण्यासाठी उठणे म्हणजे विटा कमी होणे. घामावाटे पाणी जाते, लघवी दोनदाच होते, तीही गर्द पिवळी. स्त्रियांची स्थिती आणखी बिकट. उघड्या माळावर आडोसा नाही, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. शहरात नोकरीला जाणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थिनीही हेच सांगतात: घरातून निघताना घोटभर पाणी, नंतर थेट घरी आल्यावर. शाळांतल्या मुलींचे वेगळे नाही. जेथे स्वच्छतागृह अस्वच्छ, कडी मोडलेली, पाणी नसलेले, तेथे मुली पाणी पिणे टाळतात आणि लघवी दाबून ठेवतात. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, आणि लघवी दाट राहिल्याने खड्याची जमीन तयार होते. मुलींच्या स्वच्छतागृहाचा खर्च संस्थेच्या हिशेबात 'बांधकाम' या सदरात दाखवतात. आमच्या मते तो 'आरोग्य' या सदरात दाखवायला हवा.

आता प्रतिबंध. पाणी किती प्यावे, यापेक्षा लघवी किती व्हावी, हे माप अधिक खरे. दिवसभरात दोन ते अडीच लिटर लघवी व्हायला हवी. त्यासाठी सावलीत काम करणाऱ्या प्रौढाला साधारण तीन लिटर पाणी लागते. उन्हात, भट्टीवर, आवणीच्या वेळी शेतात चार लिटर किंवा त्याहून अधिकही. घरातला तांब्या एकदा मापून ठेवावा, म्हणजे हिशेब सोपा होतो. एकदम तांब्याभर पिऊन चार तास काही नाही, असे न करता दिवसभर विभागून प्यावे आणि निजण्यापूर्वी एक पेला घ्यावा, कारण रात्रीची लघवी सर्वांत दाट असते. लघवीचा रंग हा गरिबाची प्रयोगशाळा आहे: फिकट गवती रंग म्हणजे ठीक, गर्द पिवळा म्हणजे पाणी कमी. मात्र ज्यांना हृदयविकार आहे, अंगावर सूज आहे किंवा ज्यांचे मूत्रपिंड आधीच निकामी होत आले आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाणी वाढवू नये.

'आमच्याकडे बोअरचे पाणी क्षाराचे, त्यामुळे खडा होतो,' असे गावोगाव म्हटले जाते. आपला कातळ काळा बेसाल्ट. काही बोअरचे पाणी जड असते, भांड्यांना पांढरा थर बसतो, तेव्हा तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण जड पाण्यामुळे खडे होतात हे अभ्यासांतून ठामपणे सिद्ध झालेले नाही. पाण्यातल्या क्षारांपेक्षा पाण्याची कमतरता कितीतरी अधिक घातक. जड पाण्याच्या भीतीने पाणीच कमी पिणारा माणूस दुहेरी नुकसान करून घेतो. खड्याचे भय घालून महागडी यंत्रे विकणाऱ्यांपासून सावध राहावे. पाणी जंतुविरहित असणे मात्र आवश्यकच, त्यासाठी उकळणे किंवा क्लोरीनचे थेंब पुरेसे आहेत.

दुसरा मोठा गैरसमज कॅल्शियमचा. खडा कॅल्शियमचा, म्हणून दूध, ताक, नाचणी बंद, असा सल्ला अनेकांना मिळतो. तो चुकीचा आहे. जेवणातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला पकडते आणि शौचावाटे बाहेर नेते. जेवणातले कॅल्शियम तोडले तर मोकळे राहिलेले ऑक्झॅलेट रक्तात शिरते आणि मूत्रपिंडात उतरते. वर हाडे ठिसूळ होतात ते निराळेच. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नयेत, आणि 'क' जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्याही नकोत; त्यांचे शरीरात ऑक्झॅलेट बनते.

खरा शत्रू आहे मीठ. मीठ जास्त खाल्ले की मूत्रपिंडातून कॅल्शियमही जास्त बाहेर पडते. आपल्या जेवणात ते कुठून येते? सुकट, सुके बोंबील, लोणचे, पापड, वेफर, फरसाण, आणि हल्ली वसतिगृहाच्या खिडकीतून आत येणारी शेवेची पाकिटे. सुकी मासळी हे गरिबाच्या ताटातले स्वस्त प्रथिन आहे, ती सोडा असे आम्ही म्हणणार नाही. दोन-तीन पाण्यांत भिजवून, धुऊन घ्यावी आणि रश्शात वेगळे मीठ घालू नये. मटण-कोंबडीच्या बाबतीतही प्रमाण राखावे; युरिक आम्लाचा खडा झालेल्यांनी विशेष. बिअर प्यायल्याने खडा पडतो, ही दारू पिणाऱ्यांची सोयीची समजूत आहे. लघवी तात्पुरती वाढते, पण शरीरातील पाणी घटते आणि युरिक आम्ल वाढते. पंचशील ग्रहण केलेल्या घरात या 'औषधा'ला जागा नसावी, हे वेगळे सांगायला नको.

पालेभाज्यांविषयी आपल्या रानाकडे पाहावे. पावसाच्या तोंडाला मुरबाड-शहापूरच्या बाजारात शेवळे येतात. ही भाजी नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून आपल्या आया-बहिणी तिच्यात काकडाची आंबट फळे घालतात. अळूत चिंच किंवा आमसूल घालतात. ही खाज कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांची असते. ज्या पदार्थाचा खडा होतो तोच पदार्थ त्या भाजीत आहे, हे रसायनशास्त्र न शिकलेल्या बायकांनी जिभेने ओळखले आणि त्यावर आंबटाची तोड काढली. अर्थात आंबटाने खाज शमते, ऑक्झॅलेट नाहीसे होत नाही. ज्यांना ऑक्झॅलेटचा खडा होऊन गेला आहे त्यांनी पालक, अळू, शेवळे, बीट, काजू-बदाम बेताने खावे. पालेभाजी उकळून ते पाणी टाकून द्यावे आणि जेवणात दही-ताक ठेवावे. बाकीच्यांनी भाज्या सोडण्याचे कारण नाही. टोमॅटोच्या बियांमुळे खडा होतो ही समजूत तर बियांचा आकार पाहून निघालेली दिसते; टोमॅटोत ऑक्झॅलेट फारच कमी असते.

लिंबू हा प्रतिबंधातील स्वस्त आणि खरोखर उपयोगी उपाय. रोज दोन लिंबांचा रस भरपूर पाण्यात घालून प्यावा. साखर नाममात्र, मीठ शक्यतो नको. शहाळे, ताक हेही चांगले. कोरा चहा मात्र दिवसभर पाण्याऐवजी पिऊ नये.

आता राहिले झाडपाल्याचे उपाय. कुळथाचे कढण, पानफुटीची पाने, गोखरू, पाषाणभेद; पाषाणभेदाच्या तर नावातच दगड फोडण्याचा दावा आहे. यांपैकी काहींचा प्रयोगशाळेत स्फटिकांवर परिणाम दिसला आहे. माणसांवरील भक्कम पुरावा मात्र तोकडा आहे. मग 'मला गुण आला' असे इतके लोक का सांगतात? पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुसंख्य रुग्णांत आपोआप पडतात, बहुधा चार-सहा आठवड्यांत. त्या काळात जे घेतले त्याला श्रेय मिळते: पाल्याला, ताईताला, कधी देवऋषालाही. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश आपण दर पौर्णिमेला ऐकतो. परंपरेने चालत आले म्हणून स्वीकारू नये, स्वतः पारखून घ्यावे, हा निकष औषधालाही लागू आहे. कुळथाचे पिठले आणि कढण हे उत्तम अन्न आहे, ते खुशाल खावे; कढणाच्या निमित्ताने पोटात पाणी जाते हाही लाभच. पण दहा मिलिमीटरच्या वरचा खडा पाल्याने विरघळेल, या आशेवर राहणे धोक्याचे आहे.

हा धोका काल्पनिक नाही. आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांना कळा येत. एका जाणत्याने दिलेला रस त्यांनी घेतला आणि कळा थांबल्या. खडा गेला असे घरच्यांनी मानले. दीड वर्षानंतर दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी झाली तेव्हा खडा नळीतच बसलेला आढळला आणि त्या बाजूचे मूत्रपिंड फुगून जवळजवळ निकामी झालेले होते. दुखणे थांबले म्हणजे खडा गेला असे नव्हे. अडलेले मूत्रपिंड हळूहळू काम सोडते तेव्हाही वेदना ओसरतात. म्हणून कोणताही उपाय करा, चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी कराच.

काही लक्षणांत मात्र एक दिवसही थांबू नये. थंडी वाजून ताप येणे, लघवी पूर्ण बंद होणे, पाणीही न टिकणाऱ्या उलट्या, गरोदर स्त्रीला कळ येणे, लहान मुलाला कळ येणे किंवा एकच मूत्रपिंड असणे. अडलेल्या मूत्रपिंडात जंतुसंसर्ग झाला तर काही तासांत जिवावर बेतू शकते. अशा वेळी शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. तेथून पुढे ठाण्याला वा मुंबईला पाठवण्याची चिठ्ठी मिळते. कळ थांबवणारी इंजेक्शने आणि गोळ्या दुकानातून आणून वारंवार घेऊ नयेत, त्यांपैकी काही मूत्रपिंडालाच इजा करतात.

मोठ्या खड्यावर आज पोट फाडावे लागण्याची वेळ क्वचितच येते. बाहेरून ध्वनिलहरींच्या आघाताने खडा फोडण्याचे तंत्र १९८० साली जर्मनीतील म्युनिक येथे रुग्णावर प्रथम वापरले गेले. दुर्बीण लघवीच्या मार्गाने आत घालून लेझरने खडा फोडता येतो. फार मोठ्या खड्यासाठी पाठीतून लहान छिद्र पाडतात. खर्चाची भीती वाटत असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखालील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे आणि शिधापत्रिका व आधार कार्ड सोबत न्यावे. मूतखड्याच्या शस्त्रक्रिया या योजनेत अंतर्भूत आहेत.

एक गोष्ट विसरू नये अशी कळकळीची विनंती. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर पुष्कळदा मूत्रवाहिनीत एक मऊ नळी ठेवतात, तिला स्टेंट म्हणतात. ती काही आठवड्यांनी काढायची असते. बरे वाटू लागले, पुन्हा सुट्टी मिळेना, भाड्याला पैसे नाहीत, म्हणून माणसे परत जात नाहीत. मग त्या नळीवरच खडे चढतात आणि एका शस्त्रक्रियेच्या तीन होतात. कागदावर 'स्टेंट' हा शब्द आहे का, हे घरातल्या शिकलेल्या मुलाने वाचावे आणि काढण्याची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेत लाल शाईने लिहून ठेवावी. ज्याला एकदा खडा झाला त्याला पुन्हा होण्याची शक्यता मोठी असते, काळजी न घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना पाच-दहा वर्षांत तो पुन्हा होतो; तेव्हा पाण्याचा नेम शस्त्रक्रियेनंतर सुटता कामा नये.

केरळमधील शाळांत २०१९च्या सुमारास 'पाण्याची घंटा' सुरू झाली. दिवसातून ठरावीक वेळा घंटा होते आणि सगळा वर्ग पाणी पितो. निवासी शाळांत हे सहज करता येते, खर्च शून्य आहे. फक्त घंटेनंतरच्या तासाला लघवीला जाऊ देण्यास शिक्षकांनी कुरकुर करू नये. आणि १४ एप्रिल तर भर उन्हात येतो. मिरवणूक चार-चार तास चालते, लेझीम खेळणारी मुले घामाने निथळतात. जयंती मंडळांनी सरबतात साखर-मीठ कमी आणि लिंबू जास्त घालावे, दर अर्ध्या तासाला पथक थांबवून मुलांना पाणी पाजावे, आणि मिरवणुकीच्या वाटेवरील दोन-चार घरांची शौचालये मुली-बायकांसाठी खुली असल्याचे ध्वनिक्षेपकावरून सांगावे.